नाव मी घेतलं नाही

६ जानेवारी, सोमवार

शहराबाहेरच्या सचिन या औद्योगिक वसाहतीतल्या मिलचं पत्र आलं. साड्यांची मोठी मिल, पाच-सहाशे माणसं कामाला. कामाच्या जागी बाईला कुणी त्रास दिला तर तिची तक्रार ऐकायला एक समिती ठेवावी लागते, कायदाच आहे तसा. त्या समितीत एक बाई मिलच्या बाहेरची हवी. ती बाहेरची बाई म्हणून आमच्या महिला मंडळाने माझं नाव दिलं होतं, ते मंजूर झालं. निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवत होते. मुलांच्या चुका काढायच्या बंद झाल्या आणि यांच्या काढून किती काढणार?

यांना पत्र दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, "गोपनीयता पाळावी लागेल, असं लिहिलंय. रजनी, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." जन्मभर बँकेत काढलेला माणूस, लोकांच्या खात्यांबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, त्याची घमेंड. म्हटलं, बघालच.

कायदा रात्रीतून वाचून काढला. सोळावं कलम पाठच केलं. तक्रार करणारीचं नाव, पत्ता, ओळख, चौकशीत काय झालं ते, काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. फोडलं तर दंड. म्हणून या वहीतसुद्धा खरी नावं लिहायची नाहीत असं ठरवलंय. वही कपाटात असते, पण तरीही.

९ जानेवारी, गुरुवार

चौकशीची पहिली तारीख झाली. मिलच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर एक खोली दिली आहे, खाली रंगाचा आणि वाफेचा वास. समितीच्या अध्यक्ष पल्लवीबेन, मिलमध्येच मोठ्या हुद्द्यावर आहेत. चाळिशीच्या, नीटनेटक्या, जरा कोरड्या. सगळं लिहून घेतात, चहा विचारतात, हसत नाहीत. आणखी दोन सभासद आहेत ते फक्त मान हलवतात.

तक्रार करणारी मुलगी फोल्डिंग खात्यातली. साड्यांच्या घड्या घालून गठ्ठे बांधायचं काम. सव्वीस-सत्तावीसची, अंगाने किरकोळ, नजर खाली. मी तिला इथे चंचल म्हणते, कारण इतकी स्थिर मुलगी मी वर्गातही पाहिली नाही. पल्लवीबेननी गुजरातीत विचारलं, हिंदीत विचारलं. "हां", "ना", बस्स. मग मीच म्हटलं, "मराठी ना गं तू? कुठलं गाव?" तिने मान वर केली. गाव सांगितलं, शिंदखेड्याकडचं, तापीच्या काठचं. म्हटलं, अगं, माझी मामी त्याच बाजूची! आणि मग जे बांध फुटल्यासारखं बोलली!

तिच्या खात्यातला सुपरवायझर. हजेरीच्या यादीतून हिचा नंबर घेतला आणि मेसेज पाठवायला लागला. उत्तर देईना म्हणून काम वाढवलं. खाली वाकून गठ्ठे बांधताना मागून फोटो काढतो आणि मग तिलाच पाठवतो. सांगताना तिचा आवाज एकदाही फुटला नाही.

जाताना म्हणाली, "बाई, एकच मागनं आहे. घरी कळायला नको. सासूबाई म्हनतील, झालं तेवढं बस, चल गावी. पोरगी इथे पहिलीत आहे. गावी गेली की मी संपले."

मी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, या खोलीतला शब्द या खोलीबाहेर जाणार नाही. पल्लवीबेननी तेच वाक्य कोरडेपणाने कायद्याच्या भाषेत सांगितलं. माया नाही त्या बाईत.

११ जानेवारी, शनिवार

दोन दिवस तीच डोळ्यांपुढे. हे विचारतात, "काय झालं तिकडे?" मी गप्प. शनिवारची भाजी निवडताना त्यांनी तीनदा आडून विचारलं, मी मेथीवरून नजर हलवली नाही. मनातून मजा वाटली.

सकाळी उषाबाई पोळ्या करत होत्या. बारा-तेरा वर्षं त्या आमच्याकडे येतात, शहराच्या टोकाच्या दिंडोलीहून बसने. मूळच्या खानदेशातल्याच. म्हटलं, उषाबाई, तुमच्याकडून ते अमुक गाव किती लांब हो? (गाव इथे लिहीत नाही.) त्या म्हणाल्या, "का वो ताई? तठे कोन शे तुमचं?" म्हटलं, कुणी नाही, त्या गावची एक सून भेटली, मोठी धीराची पोर. "कोठे भेटली?" सचिनला, म्हटलं, मी हल्ली जाते ना मिलमध्ये. एवढंच. उषाबाईंनी "हां का" म्हटलं आणि पोळी उलटली. मग माझ्या मामीचं लग्न, तिकडची भरीत-पुरी, असं बोलणं निघालं. मन जरा हलकं झालं. उषाबाईंशी बोललं की बरं वाटतं, त्यांचं लक्ष पोळीवर असतं.

१४ जानेवारी, मंगळवार. उत्तरायण

गच्चीवर सगळी बिल्डिंग. ऊंधियु, जलेबी, कानाला दडे बसवणारी गाणी. यांनी दरवर्षीप्रमाणे एकही पतंग उडवला नाही आणि सगळ्यांना सल्ले दिले.

मंडळातली सुषमा येऊन चिकटली. "काय गं, कसली केस? फोटोबिटो आहेत का काही?" म्हटलं, सुषमा, मी तुला तिळगूळ देऊ शकते, बाकी काही नाही. तिचं तोंड असं झालं! एम.ए. झालेली बाई, आणि एवढं कळू नये? दुसऱ्याच्या अब्रूची चव घ्यायची सवय आपल्या सुशिक्षित बायकांनाच जास्त. खाली आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "शाबास, मी शब्द मागे घेतो." इतक्या वर्षांत माझ्यासमोर मागे घेतलेला पहिला शब्द.

१७ जानेवारी, शुक्रवार

उषाबाईंनी आज कणीक मळता मळता विचारलं, "ताई, ती पोर रडत व्हती का?" मी चमकले. म्हटलं, कोणती पोर? "तीच. सचिनवाली." मग मी त्यांना नीट समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं. उषाबाई, ही गोष्ट गोपनीय असते, मिलमधल्या माणसाने बाईला त्रास दिला की समितीपुढे ती आपलं दुःख सांगते, ते आपण कुणाला सांगायचं नसतं. तुम्हालाही उद्या कुठे कुणी त्रास दिला तर तुम्हीही तक्रार करू शकता. उषाबाई ऐकत राहिल्या. डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "बिचारी. तिना काय गुन्हा शे?" किती मऊ मन! म्हटलं, अजिबात गुन्हा नाही, हेच तर सगळ्यांना कळायला हवं.

कायदा तळागाळापर्यंत पोचवायला हवा म्हणतात. आज एका घरापुरता पोचला म्हणायचा.

२३ जानेवारी, गुरुवार

सुपरवायझरची पाळी. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. "ती तर मला बहिणीसारखी." मी म्हटलं, बहिणीचे पाठमोरे फोटो काढता? पल्लवीबेननी मला थांबवलं. म्हणे, प्रश्न विचारायचा, टोमणा नाही, आणि त्याचंही नाव आपल्याला तितकंच जपायचंय. त्याचं कशाला जपायचं, मला काही पटलं नाही. पण चंचलच्या फोनमधले फोटो पाहून त्याच्या कपाळाला घाम फुटला, तो मी डोळ्यांनी पाहिला. तिच्या खात्यातली प्रमिलाबाई साक्ष द्यायला तयार झाली आहे. चंचलच्या अर्जावरून त्याला गेल्या आठवड्यातच दुसऱ्या खात्यात हलवलंय.

चंचल आज जाताना हसली. दात पुढे आहेत जरासे, छान दिसते. म्हणाली, "आठ दिवस झोप लागली बाई." घरी येताना रिक्षात मलाच गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

३० जानेवारी, गुरुवार

चंचल आली नाही.

प्रमिलाबाईची साक्ष होती, ती झाली, चांगली झाली. पण चंचलची खुर्ची रिकामी. फोन बंद. प्रमिलाबाई म्हणाली, सोमवारपासून कामावरच नाही, घरी कळलंय म्हणे सगळं, सासूने डबा भरू दिला नाही, रविवारी गावी पाठवणार आहेत.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी कळलं कसं? खोलीत पाच माणसं. मी पल्लवीबेनना सरळ विचारलं, तुमच्या ऑफिसातला कोण बोलला? त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "रजनीबेन, कागळिया मारा कबाटमां छे, चावी मारी पासे." मी म्हटलं, कागद कपाटात असतात, माणसं नसतात. मिल तुमची, सुपरवायझर तुमचा. जोरात बोलले. बोलले ते बोलले. त्या पोरीला आपण शब्द दिला होता.

३१ जानेवारी, शुक्रवार

पल्लवीबेनना लेखी पत्र पाठवलं. नाव कुठून फुटलं त्याची चौकशी करा, दोषी माणसाकडून दंड वसूल करा, कुणाचीही भीडभाड ठेवू नका. यांना मसुदा दाखवला, नावं झाकून. म्हणाले, "कडक आहे." म्हटलं, असायलाच हवा.

रात्रभर मनात एकच. रविवारी गाडीत बसवली की संपलं. इतक्या लांबून कसल्या तारखांना येते ती?

१ फेब्रुवारी, शनिवार

हे लिहावं की नाही, तासभर विचार करतेय.

सकाळी उषाबाई आल्या त्या खुशीतच. पिशवीतून वाटीभर भरीत काढून ओट्यावर ठेवलं. म्हणाल्या, "ताई, मी जाऊन आली त्या पोरीच्या घरी." मला आधी कळेचना. कोणत्या पोरीच्या? "तुमची सचिनवाली. त्या गावचं एकच घर शे आमच्या दिंडोलीत, आन त्यांची सून मिलमा जास. मले त्या दिवशीच कळलं व्हतं. मागच्या शनिवारी गेली, तुम्हाले सांगायचं राहूनच गेलं. सासूले सांगितलं, माय, पोरीले बोलू नको, तिना काहीच गुन्हा नई, आमच्या ताई स्वतः म्हनतात. एक किलो साखर बी नेली व्हती. भल्या कामाले रिकाम्या हाताने कसं जावं?"

मी म्हटलं, सासू काय म्हणाली?

"काहीच नई बोलली. तिले काही ठाऊकच नव्हतं वो ताई. मले वाटलं, घरात समदं ठाऊक आसंल. ऐकून खालीच बसली ती."

पोळी तव्यावर करपत होती. उषाबाई म्हणाल्या, "ताई, मी काही चुकली का?"

मी काय सांगणार? चुकलं म्हणू? कायद्याने त्यांना कुणी बांधलं होतं? त्यांनी ऐकलं, हळहळल्या आणि स्वतःच्या पैशाची साखर घेऊन गेल्या. मी म्हटलं, तुम्ही नाही चुकलात, मी चुकले. त्यांना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही तर नावही घेतलं नाही.

नाव मी घेतलंच नाही. खरंच आहे. यांच्यापासून लपवलं, सुषमाला हाकलून लावलं, वहीतसुद्धा खोटं नाव लिहिलं. आणि उषाबाईंसमोर मात्र गाव, सून, सचिन, सगळं वाढून ठेवलं. त्या ऐकतात हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बारा-तेरा वर्षं ज्या घरात वावरतात त्या घरात मी त्यांना माणसांत धरलं नव्हतं की काय? आणि आपल्या लोकांत आधी नाव विचारतं कोण? आधी गाव विचारतात. गाव कळलं की घर कळलंच. मीसुद्धा तेच केलं होतं पहिल्या दिवशी.

यांना सांगितलेलं नाही. जेवले नाही, पित्त झालं म्हटलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल रविवार गेला. गाडीत बसवली असेल का? दिंडोलीला जावं म्हणून दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. मी तिथे उतरले तर उरलीसुरली गल्लीही गोळा होईल.

पल्लवीबेनचा मेसेज आला, तुमच्या पत्राप्रमाणे चौकशी सुरू करते, आधी माझ्या ऑफिसातल्या प्रत्येकाचा जबाब घेईन. तिथला एखादा गरीब कारकून माझ्यापायी उगाच सुळावर चढायचा.

पत्र मागे घेते असं लिहायला घेतलं. कारण काय देणार? खरं लिहिलं तर समितीतून नाचक्की होऊन बाहेर, मंडळात सुषमा तिळगूळ वाटेल. लिहिलं नाही. भित्री आहे मी. वर्गात खरं बोला म्हणून छड्या मारल्या मी मुलांना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अकराच्या सुमारास दार वाजलं. हे बाजारात गेले होते. दारात चंचल.

ती म्हणाली, "आत येऊ का बाई?" बसली नाही आधी, मग खुर्चीच्या कडेला बसली. घरी मिलच्या कागदावर सही करायची सांगून आली होती. पत्ता उषाबाईंनी दिला. रविवारची गाडी तिने चुकवली होती. पोरीला ताप आहे म्हणाली, ताप नव्हताच. आता पुढच्या रविवारचं ठरलंय. नवरा यंत्रमागावरून आला की भिंतीकडे तोंड करून झोपतो.

मी म्हटलं, माझ्यामुळे झालं गं. माफ कर. रडले मी, अगदी हुंदके देऊन. ती मात्र शांत. मला पाणी आणायला तीच उठली. स्वयंपाकघर कुठे आहे तेही न विचारता.

मग म्हणाली, "बाई, रडू नका. लिहून द्या."

"काय?"

"अर्ज. मला केस पुढं चालवायची आहे. पन तुम्ही नको समितीत. दुसरी बाई पायजे. मला लिहिता येतं, पन साहेबांना द्यायचं तसं येत नाही. दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर त्याला पन सगळं सांगावं लागंल. तुम्हाला तर ठाऊकच आहे."

यांच्या टेबलावरचा कागद घेतला. आयुष्यभर मुलांचे अर्ज तपासले, पण असा अर्ज कुणी घातला नव्हता मला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. समितीच्या बाहेरच्या सभासद बाईंनी माझ्या गावाची आणि कामाच्या जागेची माहिती बाहेर सांगितली, त्यावरून माझ्या घरी कळलं. मी लिहिलं, "अनवधानाने सांगितली." ती म्हणाली, तो शब्द काय आहे? म्हटलं, म्हणजे चुकून. तिने थोडा वेळ विचार केला. "चुकून म्हनजे चालताना ठेच लागते तसं. तुम्ही तर बसून बोलल्या." मी शब्द खोडला.

पुढे मी लिहिलं, बाईंनी नाव मात्र सांगितलं नाही. तेही तिने काढायला लावलं. "ते तुमच्यासाठी झालं. अर्ज माझा आहे."

शेवटी दोन मागण्या. केस बंद करू नका, आणि कामावर परत घ्यायला मिलने लेखी बोलावणं पाठवावं, म्हणजे सासूला दाखवता येईल की मी पळून आलेली नाही, काम माझं आहे. ऑफिसातल्या कुणाचा दोष नाही, हे मी माझं म्हणून खाली लिहिलं आणि सही केली. तिने सगळं बोट ठेवून वाचलं, सावकाश, दोनदा. मग स्वतःची सही केली. खरं नाव लिहिलं तिने, सुरेख वळणदार. मी बघत राहिले.

मी म्हटलं, जेवून जा. ती म्हणाली, नको, उशीर होईल. पायऱ्या उतरताना मागे वळून म्हणाली, "बाई, तुम्ही बोलायला लावलं म्हनूनच बोलले मी त्या दिवशी. ते पन आहेच." आणि गेली.

हे आल्यावर सगळं सांगितलं. वाटलं होतं, तिळाचं काढतील. त्याऐवजी मला चहा करून दिला, साखर जास्त घातली होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पल्लवीबेनचा फोन. मला समितीतून कमी केल्याचं पत्र निघालं, दंडाचंही निघेल. मी त्यांची माफी मागितली. म्हणाल्या, "रजनीबेन, मने बहु खोटुं लाग्युं हतुं." मी म्हटलं, वाईट वाटणारच. किती कोरडी म्हणत होते मी या बाईला. कोरडी माणसं परवडतात.

मी विचारलं, केस चालू आहे ना? नवीन बाई कोण आली? आणि ती मुलगी? बोलावणं पाठवलंत का, की रविवारी गावी गेली ती?

"ए हुं तमने ना कही शकुं."

बरोबर आहे. मी आता बाहेरची, मला कसं सांगतील? फोन ठेवला आणि वाटलं, हेच हवं होतं तिला. तरी जीव नुसता टांगणीला लागलाय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उषाबाई आज अर्धा तास उशिरा आल्या. चेहरा असा फुललेला की दारातच कळलं, काहीतरी पोटात आहे. पदर खोचून ओट्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, आज सचिनच्या बसला कोन उभं व्हतं सांगू का? हातात डबा..."

"नको उषाबाई."

"आवो ऐका तरी..."

"नको म्हणते ना. त्या मुलीचं काहीही मला सांगायचं नाही. आणि मी काही विचारलं, तर तुम्हीही सांगायचं नाही. हात जोडते."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. वाटायला काही नव्हतं, तरी मी मिक्सरचं भांडं लावून बटण दाबलं. आवाजात काही ऐकू आलं नाही. उषाबाई हसत होत्या, तेवढं दिसलं.